तेल मुरेपर्यंत, नाद विरेपर्यंत

मसाजच्या कामाला मी सुरुवात केली तेव्हा साध्या तिळाच्या तेलाची बाटली, एक टेबल, काही स्वच्छ टॉवेल आणि दोन हात एवढेच साहित्य माझ्याजवळ होते, आणि पहिली अकरा वर्षे मला त्याहून अधिक कशाची गरज भासली नाही. आधी लांब आणि हलके हात फिरवायचे, मग स्नायू उचलून मळायचे, मग गाठ लागेल तिथे अंगठ्याने स्थिर दाब द्यायचा, असा ठरलेला क्रम मी चालवीत असे आणि बरे वाटते म्हणून माणसे पुन्हा येत असत. तरीही एक गोष्ट मला सलत होती. तासाभराच्या सत्रातली पहिली वीस-पंचवीस मिनिटे समोरचे शरीर माझ्या हाताखाली नुसते सावध पडून असे. खांदे वर ओढलेले, जबडा घट्ट, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला. आणि हे सगळे जरा सैल पडू लागावे तोवर सत्र संपत आलेले असे. तो वेळ मी जोर वाढवून भरून काढू पाहत होते. जोर वाढवला की स्नायू आणखीच आखडतो हे हाताला कळत होते, पण दुसरा मार्ग सुचत नव्हता.

औषधी वनस्पती आणि ध्वनी या दोन्ही गोष्टी माझ्या कामात या अडचणीतून आल्या. मी वैद्य नाही, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांना मी रुग्ण म्हणत नाही आणि कुठलाही आजार बरा करण्याचा माझा दावा नाही. गेल्या सहा वर्षांत हे दोन प्रकार मी कसे शिकले, कुठे चुकले आणि आज ते कसे वापरते, एवढेच इथे नोंदवीत आहे.

वनस्पतींची सुरुवात अपयशाने झाली. निर्गुंडीचा पाला स्नायूंच्या दुखण्यावर वापरतात हे ठाऊक असल्याने मी ताजी पाने धुऊन, जरा पुसून, काचेच्या बरणीत तिळाच्या तेलात बुडवून ठेवली. काही दिवसांतच पानांच्या वर आलेल्या कडांवर पांढुरकी बुरशी धरली आणि बरणी उघडताच आंबूस वास आला. कारण अगदी साधे होते, पण ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजले: तेलात सूक्ष्मजीव सहसा वाढत नाहीत, त्यांना पाणी लागते, आणि ताज्या पानात पाणी भरपूर असते. त्यानंतर मी वनस्पती मुरवण्याची पद्धत सुरुवातीपासून शिकले. पाने किंवा फुले सावलीत इतकी वाळवायची की चुरगाळल्यावर त्यांचा कुरकुरीत चुरा व्हावा. वजनाने एक भाग चुऱ्याला पाच ते दहा भाग तेल घ्यायचे. पातेल्यातल्या कोमट पाण्यात बरणी ठेवून तेल सुमारे ५० अंश सेल्सिअसवर काही तास राखायचे आणि मग दुहेरी कापडातून गाळायचे. झेंडूसारख्या दिसणाऱ्या कॅलेंड्युला या फुलाच्या पाकळ्यांचे तेल मी आजही असेच करते. कोरड्या, ताणलेल्या त्वचेवर ते फार मृदू वाटते आणि त्याचा स्वतःचा असा तीव्र वास नसतो.

मुळे आणि साली मात्र या पद्धतीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी मी आयुर्वेदातला तैलपाक शिकले आणि माझ्या कामातल्या खऱ्या बदलाची सुरुवात तिथेच झाली असे मला वाटते. यात एक भाग कल्क म्हणजे वाटलेली वनस्पती, त्याच्या चौपट तेल आणि तेलाच्या चौपट द्रव असे प्रमाण असते. म्हणजे एक लिटर तेलाला पाव किलो कल्क आणि चार लिटर काढा. बला, अश्वगंधा, देवदार या वनस्पतींची भरड पाण्यात उकळून पाणी चतुर्थांश उरेपर्यंत आटवायची, तो काढा आणि कल्क तेलात घालायचा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहायचे. तेलात पाणी आहे तोवर भांड्यातले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि म्हणून वनस्पती जळत नाही; पाणी संपताच तापमान झपाट्याने चढते आणि पाच मिनिटांच्या दुर्लक्षाने सगळे करपते. मी पहिल्या दोन खेपांना नेमकी इथेच फसले. एकदा घाईने लवकर उतरवले आणि तेल टिकले नाही, एकदा दुसऱ्या कामात गुंतले आणि तेलाला जळका वास लागला.

पाक झाला की नाही हे घड्याळ सांगू शकत नाही. तळाचा कल्क बोटांत घेऊन वळला तर त्याची वात होते का, ती ज्योतीवर धरली तर तडतडते का, आणि तेलावर फेस येऊ लागला का, हे पाहावे लागते. तडतड म्हणजे आत अजून पाणी आहे. कल्क मऊ असतानाच उतरवला तर मृदू पाक, वात होऊ लागली आणि तडतड थांबली की मध्यम, आणि कल्क कोरडा, खरखरीत होऊ लागला की खर पाक. बाहेरून लावण्याच्या तेलाला खर पाक चालतो असे परंपरेत सांगितले असले, तरी मी मध्यमावरच थांबते, कारण खर आणि जळलेले यांच्यामधली जागा माझ्या हाताला फार अरुंद वाटते.

त्या भांड्यापुढे उभे राहून तास न् तास ढवळताना मला स्वतःविषयी एक गोष्ट कळली. मला थांबता येत नव्हते. मधूनमधून आच वाढवण्याची, पाणी लवकर आटवण्याची जी ओढ मला तिथे होत होती, तीच ओढ टेबलापाशी माझ्या अंगठ्यात उतरत होती. हे लक्षात आल्यावर हात लगेच बदलले नाहीत, पण आपण नेमके काय बदलायचे आहे ते तरी स्पष्ट झाले.

सुगंधी तेलांच्या बाबतीत, म्हणजे ज्यांना आपण इसेन्शियल ऑइल म्हणतो त्यांच्या बाबतीत, धडा अधिक कठोर होता. ही तेले नैसर्गिक आहेत म्हणून सौम्य असतात अशी माझी समजूत होती आणि थेंब मी अंदाजाने टाकत असे. एका बाईंच्या पाठीवर लॅव्हेंडर वापरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पाठीवर लालसर, खाजरे चट्टे उठले होते. त्यांनी रागावून बोलावे असे मला वाटत होते, पण त्या फक्त कारण विचारत राहिल्या, आणि माझ्याकडे कारण नव्हते. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले आणि नंतर शोध घेतला. ती बाटली उघडून दीड वर्ष झाले होते. लॅव्हेंडरमधल्या लिनालूल या घटकाचे हवेच्या संपर्काने ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून तयार होणारी संयुगे त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. ताज्या तेलाने कदाचित काहीच झाले नसते.

तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली असते आणि प्रमाण मोजलेले असते. एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब येतात. म्हणजे ३० मिलिलिटर तेलात दोन टक्के प्रमाण हवे असेल तर बारा थेंब पुरतात, आणि नाजूक त्वचेच्या किंवा वयस्क माणसांसाठी मी एक टक्क्याच्या वर जात नाही. नव्या माणसाच्या कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडे तेल लावून पाहते. बर्गमॉट, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल, लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून ते मी काढूनच टाकले. विंटरग्रीन या झुडपाचे तेलही काढले, कारण त्यात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातले रसायन असते आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला ते त्वचेतून शोषले जाऊनही रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते. आर्निकाचे तेल जखमेवर कधीच नाही. कापूर आणि रोझमेरी अपस्माराचा (फिट येण्याचा) इतिहास असलेल्यांना नाही. मूळ तेलाचीही चौकशी करावी लागते, कारण तिळाची आणि बदामाची ॲलर्जी अनेकांना असते. या चौकशीला सुरुवातीची दहा मिनिटे जातात आणि ती मी सत्राच्या वेळात धरते. ती वाचवून जास्त मसाज करावा असे मला आता कधीही वाटत नाही.

वनस्पतींचा सर्वात दृश्य परिणाम मला तेलापेक्षा पोटलीतून मिळाला. निर्गुंडी आणि एरंडाची चिरलेली पाने थोड्या तेलात परतून सुती कापडात घट्ट बांधायची आणि ती गरम पोटली आधी थोपटत, मग जरा टेकवत, मग गोल फिरवत न्यायची. यात उष्णता, वजन आणि वास तिन्ही एकदम पोचतात. कमरेच्या दोन्ही बाजूंना पोटली फिरवली की अंगठ्याने दहा मिनिटांत जे साधत नसे ते तीन-चार मिनिटांत साधते, आणि तेही दुखवल्याशिवाय. यात वनस्पतीचा वाटा किती आणि नुसत्या उष्णतेचा किती हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी एकदा साध्या वाळूच्या पोटलीने हेच करून पाहिले तेव्हाही स्नायू सैल झाले, मात्र माणसाचा श्वास तितक्या लवकर खोल गेला नाही. वासाचा संबंध श्वासाशी असावा असा माझा अनुभवावरून अंदाज आहे. पोटली प्रत्येक वेळी आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर टेकवून पाहते, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाच्या पावलांवर गरम पोटली अजिबात वापरत नाही, कारण भाजत असले तरी त्याला ते कळणार नाही.

ध्वनीकडे मी बरीच साशंक होऊन वळले. कांस्याच्या वाडग्यांविषयी, ज्यांना सर्वत्र सिंगिंग बोल म्हणतात, इतके अद्भुत बोलले जाते की त्यातले कामाचे काय हे ओळखणेच अवघड होते. ते सात धातूंचे असतात असे नेहमी सांगितले जाते. प्रत्यक्षात चांगला वाडगा म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, साधारण चार भाग तांब्याला एक भाग कथील. अमुक इतक्या हर्ट्झचा स्वर अमुक अवयव बरा करतो असेही सांगतात. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेले माप आहे, तेव्हा ४३२ किंवा ५२८ या आकड्यांतच काही गूढ शक्ती असावी हे मला पटत नाही आणि मी ते कोणाला सांगतही नाही.

पण वाडगा पाठीवर ठेवून वाजवला जातो तेव्हा काय होते हे मी आधी स्वतः टेबलावर झोपून अनुभवले. कंबरेखाली, त्रिकास्थीवर, घडी केलेल्या टॉवेलावर दीड किलोचा वाडगा ठेवला होता. पहिल्या ठोक्याबरोबर एक बारीक थरथर नितंबांतून मांड्यांपर्यंत गेली आणि आवाज मात्र खोलीत फिरत राहिला. थरथर संपली तरी आवाज होता, आणि आवाज कुठे संपला ते मला नक्की सांगता आले नाही. त्वचेच्या खोल थरात कंपने टिपणारी पॅसिनी कणिका असतात आणि सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास त्या सर्वाधिक संवेदनशील असतात, हे मी नंतर वाचले. शिवाय हाताने ठोकून घडवलेला वाडगा पूर्ण गोल नसल्याने त्यातून अगदी जवळजवळच्या दोन वारंवारता एकदम निघतात. एक २०० आणि दुसरी २०३ असेल, तर आवाज सेकंदाला तीनदा कमी-जास्त होताना ऐकू येतो. भौतिकशास्त्रात त्याला विस्पंद म्हणतात. त्या हेलकाव्याकडे लक्ष लागते आणि ते लक्ष आवाजाबरोबर विरत जाते. एवढेच घडते, आणि माझ्या कामासाठी एवढेच पुरेसे आहे.

शरीरावर वाडगे ठेवून करायच्या ध्वनिमसाजाची पद्धत जर्मनीत पीटर हेस यांनी १९८० च्या दशकात विकसित केली, आणि मला शिकवणाऱ्यांचे प्रशिक्षणही त्याच धाटणीचे होते. तरीही टेबलापाशी व्हायच्या त्या चुका झाल्याच. डोक्याजवळ वाडगा जोरात वाजवल्याने एक गृहस्थ दचकून उठून बसले. वाडग्याचा आवाज दूरवरून गोड वाटला तरी कानापासून वीतभर अंतरावर तो आघातच असतो, हे मी विसरले होते. आता डोक्याच्या बाजूला वाडगा असला तर तो किमान एक हात लांब असतो आणि लोकरीने मढवलेल्या मोगरीने हळूच वाजवला जातो. थंड धातू उघड्या त्वचेवर ठेवल्यानेही शरीर आक्रसते, म्हणून वाडगा आधी गरम टॉवेलात गुंडाळून ठेवते. आणि तेल लावल्यानंतर वाडगा ठेवू गेले की तो घसरतो, कडेला तेल लागले की नाद बसका येतो आणि कांस्यावर डाग पडतात. ही अडचण क्षुल्लक वाटेल, पण तिनेच माझ्या सत्राचा क्रम ठरवला.

नादकाट्याचे, म्हणजे ठोकल्यावर एकाच स्वरात कंप पावणाऱ्या दोन टोकांच्या धातूच्या काट्याचे, तसे नाही. मी १२८ हर्ट्झचा, टोकांना वजने असलेला नादकाटा वापरते. कंपनाची संवेदना शाबूत आहे का हे तपासण्यासाठी डॉक्टर वापरतात तो याच वारंवारतेचा. त्याचा दांडा खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेवर किंवा छातीच्या मधल्या हाडावर टेकवला की आवाज फारसा होत नाही, कंपन मात्र हाडातून पसरते. ज्यांना वाडग्याचा आवाज नको असतो त्यांना हे सोसते, आणि तेलकट त्वचेवरही ते करता येते.

आज माझे सत्र पंच्याहत्तर मिनिटांचे असते. बोलणे झाल्यावर माणूस पालथा झोपतो आणि कपडे, चादर तशीच ठेवून पायांच्या तळव्यांपाशी आणि मग त्रिकास्थीवर वाडगा वाजतो. एकूण सात-आठ ठोके, त्याहून अधिक नाहीत. प्रत्येक नाद पूर्ण विरेपर्यंत मी दुसरा ठोका देत नाही. सुरुवातीला ही शांतता मला असह्य होई आणि मी ती पुढच्या ठोक्याने भरून टाकत असे. ज्या अंगठ्याला थांबता येत नव्हते त्याच हातात आता मोगरी होती, दुसरे काय होणार! नंतर पोटली, मग तेल आणि हात, आणि शेवटी, अंग पुसून चादर ओढल्यावर, पावलांपाशी एकच ठोका.

यात मला सर्वात अनपेक्षित वाटले ते असे की वाडग्यानंतर माझे स्वतःचे हात मंदावले. पाठीवरून खांद्यापर्यंतचा जो हात मी पूर्वी तीन सेकंदांत नेत असे त्याला आता दहा-बारा सेकंद लागतात. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर या वेगाने हात फिरला तर त्वचेतले मंद, सुखद स्पर्श टिपणारे मज्जातंतू सर्वाधिक प्रतिसाद देतात असे संशोधनात दिसले आहे. मी हा वेग मोजून आणला नव्हता, तो वाडग्याचा नाद ऐकता ऐकता हातात आला. पूर्वी वीस-पंचवीस मिनिटे घेणारी ती सावधपणाची अवस्था आता बहुतेकांत दहाव्या मिनिटाच्या आसपास ओसरते. खांदे टेबलावर टेकलेले दिसतात, आणि मग गाठीवर जो दाब द्यायचा तो पूर्वीपेक्षा बराच कमी पुरतो.

पुरावा विचारणारी माणसे भेटतात आणि मला ती आवडतात. सिंगिंग बोल ऐकत केलेल्या ध्यानावर २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६२ जणांमध्ये ताण, राग आणि थकवा कमी झाल्याचे नोंदवले गेले, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे नुसते शांत पडून राहिल्याने किती फरक पडला असता हे त्यावरून कळत नाही. मी हे दोन्ही सांगते. ज्यांना हृदयाचा पेसमेकर किंवा मेंदूत बसवलेले उपकरण आहे, ज्यांना आवाजाने झटके येतात, आणि ज्यांच्या गरोदरपणाचे पहिले तीन महिने चालू आहेत, त्यांच्या शरीरावर मी वाडगा किंवा नादकाटा ठेवत नाही. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणे असेल तर मी हातही लावत नाही, कारण ती शिरेतली गुठळी असू शकते. अशा व्यक्तीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या कानात वर्षानुवर्षे एक बारीक शिट्टी वाजत होती आणि कोणताही लांबणारा आवाज त्यांना नकोसा होता. वाडगा कपाटातच राहिला, नादकाटाही मी काढला नाही. त्यांच्या मानेला आणि खांद्यांना बलातेल आणि निर्गुंडीची पोटली, एवढेच केले. काम चालू असताना माझ्या लक्षात आले की त्रिकास्थीपाशी, फऱ्याच्या कडेपाशी, तळव्यांपाशी, जिथे जिथे एरवी ठोका पडला असता तिथे माझे तळहात आपोआप टेकून थांबत होते, आणि एक नाद विरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेल्यावरच उचलले जात होते. उठल्यावर त्यांनी फक्त विचारले की पुढच्या वेळीही असेच मधेमधे थांबाल ना. मी हो म्हणाले आणि त्यांच्या नोंदपत्रावर लिहिले: ध्वनी नाही, थांबे तसेच.